गेनबा चेक करतो
भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात. एका गावात गेनबा होता.

गेनबाचं लग्न जमत नव्हतं. शेवटी हैबतरावांच्या मुलीचं स्थळ आलं. मुलगी चांगली. अट एकच. जावयाला थोडं इंग्रजी यायला हवं.

"एक शब्द शिकवतो. तेवढा पुरे," मामा म्हणाला. भाच्याला घेऊन तो कुंभाराकडे गेला.

"चेक करणे. म्हणजे तपासून पाहणे. शब्द साहेबाचा. साहेब गेला, शब्द इथंच राहिला. हा माठ बघ. टिचकी मारली, खणखणीत वाजला. झाला चेक. कळलं?"

"कळलं."

घरी आई म्हणाली, "गेनबा, पापड वाळले का चेक कर रे."

गेनबाने पापडांना टिचक्या मारल्या. एकही खणखणला नाही. सगळे म्हशीला घातले.

आईने कपाळ बडवलं. "मेल्या, पापड मोडून चेक करतात! कडकन मोडला की उत्तम."

"असं होय!"

संध्याकाळी मामा म्हणाला, "कोनाड्यात माझा चष्मा आहे का, चेक कर."

आतून कडकन आवाज आला.

"आहे, मामा. आणि उत्तम आहे."

मामाने दातओठ खात राग गिळला. उद्या पाहुणे घर बघायला येणार होते.

सकाळी आईने पाहुण्यांसाठी अंडी काढली. "चांगली आहेत का, चेक कर."

थोड्या वेळाने गेनबा हात पुसत आला. "एकही कडक नाही, आई."

मामा ओरडला, "गाढवा, अंडं पाण्यात सोडून चेक करतात! बुडलं तर चांगलं. वर आलं तर नासकं."

"मग आधीच सांगायचं की."

हैबतराव आले. चहा झाला. घर पाहिलं, गोठा पाहिला, विहिरीपाशी आले.

"काय जावईबापू, इंग्रजी येतं म्हणे?"

"येतं. चेक करणे."

"वा!" हैबतराव खूश झाले. मामाच्या जिवात जीव आला.

हैबतरावांनी मिशीला पीळ दिला. "सोयरीक करायची तर माणूस पारखून घ्यावा. हा मी उभा आहे. करा मला चेक!"

गेनबाने त्यांना विहिरीत ढकललं.

हैबतराव पट्टीचे पोहणारे. लगेच वर आले आणि शिव्या देऊ लागले.

गेनबाने वाकून नीट पाहिलं. मग तोंड पाडून मामाकडे वळला.

"मामा, हे स्थळ नको. सासरा नासका निघाला."