दहिफळे सरांच्या कागदावरची टिचकी

माझ्या लेकीनं, कस्तुरीनं शेळीच्या बाळंतपणावर निबंध लिहिला आणि दहिफळे सरांनी त्याला भोपळा दिला. म्हणाले, "शेळ्या राखणाऱ्या घरची पोर असं लिहील होय? नेटवरून चोरलंय." अहो, करडू त्या पोरीच्याच हातात पडलं होतं.

तेवढ्यानं भागलं नाही. पालकसभेत, मुख्याध्यापिकाबाईंसमोर तिला उभं करून सरांनी चोरीवर भाषण सुरू केलं. कागदातून मान वर न काढता झोकात वाचत सुटले, "दुसऱ्याचे शब्द चोरणे हे पाप आहे. अधिक माहितीसाठी येथे टिचकी मारा."

कस्तुरी पुढं झाली आणि तिनं सरांच्या कागदावर बोटानं टिचकी मारली.

"हे काय गं?"

"तुम्हीच मारायला सांगितलीत, सर. पण पुढची माहिती येईना. नेटवरच्या पानावर मारली की येते."

सभा हसली. पोरगी नाही हसली.

"माझा निबंध कुठल्या पानावरून उतरवला ते दाखवा, सर. तुमचं पान मी आत्ता दाखवते."

सरांना काही दाखवता येईना. बाईंनी तिथंच भोपळा खोडायला लावला. पण पोरीला चोर म्हणाले, ते सरांनी अजून मागं घेतलेलं नाही. म्हणून मी रोज शाळेच्या फाटकाशी जाऊन बसते.