हळदीचा तडा

एकदा एका व्यापाऱ्याने आपल्या सुनेसाठी चाकांवरचे घरच बांधून घेतले. सुनेचे नाव रेवा. तिला सातवा महिना सरत आला होता आणि पहिल्या बाळंतपणासाठी तिला घाटापलीकडे माहेरी पोचवायचे होते. साध्या छकड्यात धक्के बसतील, म्हणून या मायाळू सासऱ्याने सुताराकडून खास मोठी गाडी करून घेतली. वर पक्के छप्पर, दोन्ही अंगांना खिडक्या, आत निजायला रुंद फळी आणि कोपऱ्यात शेगडी ठेवायला जागा. गावाने तिला गाडीघर म्हणायला सुरुवात केली आणि दिवसभर कोणी ना कोणी ती पाहायला येऊ लागले.

निघण्याच्या आदल्या दिवशी व्यापाऱ्याने गावातल्या वृद्ध आचार्यांना निरोप धाडला, की गाडी एकदा नजरेखालून घालावी. आचार्यांनी तरुणपणी तांड्यांबरोबर पुष्कळ मुलूख पालथा घातला होता. पण ते स्वतः गेले नाहीत, त्यांनी आपल्या आवडत्या शिष्याला पाठवले. शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला चांगले ठाऊकही होते. त्याने छप्पर ठोकून पाहिले, खिडक्या उघडून मिटून पाहिल्या, चाकांच्या आऱ्यांवरून हात फिरवला. तेल पाजलेले लाकूड झळझळत होते. रेवाने स्वतः त्याच्या हातावर लाडू ठेवला. एवढ्या कौतुकाने सजवलेल्या गाडीखाली वाकून खोट शोधायची म्हणजे त्याला असभ्यपणाच वाटला. गाडी निर्दोष आहे, असे त्याने चारचौघांत सांगून टाकले.

तो परत आल्यावर आचार्यांनी एवढेच विचारले, की गाडी कुठे पाहिलीस? शिष्य म्हणाला, दारात उभी होती तिथेच. आचार्यांनी सकाळसाठी वाटीभर हळद भिजवायला सांगितली.

सकाळी व्यापाऱ्याच्या दारात ही गर्दी. गाडीला झेंडूचे हार, पुढे काळी बाहुली, लिंबू-मिरची. सूर्य देवळाच्या कळसावर येण्याआधी निघायचा मुहूर्त होता. आचार्य आले ते थेट चाकांशी बसले आणि आरा जिथे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी ठोकळ्यात, शिरतो त्या प्रत्येक सांध्यावर त्यांनी ओल्या हळदीचा जाड लेप दिला. मग तसाच आसाच्या जोडांवर. हा कुठला तरी जुना विधी असावा असे समजून बायकांनी हात जोडले. शिष्यानेही जोडले. पण त्यानंतर आचार्यांनी सांगितले, की आता गाडीत धान्याची पोती भरा, माणसे आणि सामान मिळून जेवढे ओझे होईल तेवढी. गाडी ओढ्याच्या उतारावरून एकदा जाऊन येऊ दे.

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. निघालेली गाडी दारात परत आणायची म्हणजे अपशकुन. त्याचे म्हातारे काका तर सरळ म्हणाले, "शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. गुरुजी, आजच्या दिवशी तरी खोट काढू नका." आणि इकडे सूर्य वर चढतच होता.

आचार्य शांतपणे म्हणाले, "मुहूर्त मोडायचा नाही. आपण प्रस्थान ठेवू."

प्रस्थान सर्वांच्या ओळखीचे होते. मुहूर्त आज आणि प्रवास उद्या असला, की जायच्या दिशेला कोणाकडे तरी आपले एखादे गाठोडे नेऊन ठेवायचे. मुहूर्त साधतो आणि माणूस सवडीने निघतो. रेवाचे गाठोडे ओढ्यापलीकडच्या मारुतीच्या देवळात ठेवावे, ते पोचवायला गाडी जाईल, असे आचार्यांनी सुचवले. काकांनाही ते पटले. पोती भरेपर्यंत उन्हाने हळद वाळली.

"आणि आत हा बसेल," आचार्य शिष्याकडे पाहून म्हणाले. "रेवाच्या जागेवर."

शिष्य हसत हसत आत चढला. रेवाचे गाठोडे त्याच्या मांडीवर होते. गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत त्याला मोठी मौज वाटली. पुढे उतार लागला, मागची पोती पाठीवर रेलली, आणि डाव्या अंगाला खालून 'कट्' असा आवाज आला.

त्याने कान टवकारले. खडा उडाला असेल, त्याने मनाशी म्हटले. खिडकीतून पाहिले तर आचार्य काठी टेकत चाकाच्या बाजूनेच चालत होते, पण त्यांनी मान वर केली नाही. मागून व्यापारी, सुतार आणि काका येत होते. थांबवा म्हणावे, असे शिष्याच्या जिभेवर आले. पण कालच आपण निर्दोष म्हटले, आणि ते या सगळ्यांच्या देखत. आता तोंड उघडले तर आपलेच दात आपल्या घशात. तो गप्प राहिला. गाठोडे मात्र त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरले.

ओढ्याच्या वाळूत गाडी मऊ चालली, तेव्हा त्याला हायसे वाटले. देवळात गाठोडे ठेवले. परतताना गावाकडचा खडकाळ चढ लागला आणि तोच आवाज पुन्हा आला, या वेळी लांब, कुरकुरत. गाडी डावीकडे किंचित झुकली. रिकाम्या झालेल्या मांडीकडे त्याचे लक्ष गेले. इथे उद्या रेवा बसणार होती, पोटातल्या जिवासह, आणि तिच्या खाली ओढा नव्हे, दरी असणार होती.

"थांबवा!" तो ओरडला. "गाडी थांबवा, काहीतरी सुटते आहे!"

गाडीवानाने बैल आवरले, काकांनी लगबगीने चाकामागे धोंडा लोटला. सगळे वाकले. बाकी प्रत्येक सांध्यावर हळद अखंड होती. डाव्या चाकाच्या तुंब्यापाशी मात्र लेपाला आरपार तडे गेले होते, आणि तिथला एक आरा आचार्यांनी हाताने हलवून दाखवला. सुतार खाली बसला. लाकूड अजून सुकायचे होते, तो हळूच म्हणाला, पण शेठजींना मुहूर्त गाठायचा होता. व्यापारी त्याच्यावर ओरडला नाही. तो त्या हलणाऱ्या आऱ्याकडेच पाहत राहिला, आणि मग त्याने उपरण्याने डोळे टिपले.

शिष्य आचार्यांसमोर उभा राहिला. पहिला आवाज उतारावरच ऐकला होता, हे त्याने न विचारता सांगितले.

"मीही ऐकला," आचार्य म्हणाले. "पुढे वाळू होती, तिथे चाक निखळले असते तरी कोणाला इजा नव्हती, म्हणून तुझी वाट पाहिली. चढ लागल्यावर दुसरा आवाज येताच मी काठी उचललीच होती, तोवर तू ओरडलास. बाळ, उभी गाडी काहीच बोलत नाही. ओझे आणि उतार मिळाला म्हणजे ती बोलते, आणि ते बोलणे घराजवळ असतानाच ऐकून घ्यावे. घाटात ऐकायला सवड नसते. आपण नव्या वस्तूला हार घालतो तो प्रेमाने. पण हार घातला की तिच्यात खोट पाहणे आपल्याला पाप वाटू लागते. आणि एकदा निर्दोष म्हटले, की मग तिची खोट ती आपलीच होते. आज दोन आवाजांच्या मध्ये तू जेवढा वेळ गप्प होतास ना, तेवढ्या वेळात रेवा दरीत गेली असती."

शिष्याची मान खाली गेली. आचार्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसेच ते गावाकडे चालू लागले.

सुताराने जुन्या, मुरलेल्या बाभळीचे आरे घालून चाक पुन्हा बांधले. पुन्हा हळद लागली, पुन्हा पोती चढली, गाडी पुन्हा ओढ्यावरून जाऊन आली. या वेळी शिष्य आत बसला नाही, डाव्या चाकाबरोबर चालला. रेवा निघाली तेव्हा व्यापाऱ्याने त्याला हात जोडून विचारले, की आता गाडी निर्दोष ना?

काल-परवाचा शिष्य असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. हा गाडीखाली वाकला, तुंब्यावरच्या हळदीवर त्याने बोट फिरवले.

"ओढ्यापर्यंत तरी आहे," तो म्हणाला. "मी बरोबर येतो आहे. घाटाच्या पायथ्याशी पुन्हा पाहीन."

दारातल्या चारचौघांपैकी कोणीही त्याला शुभ बोल म्हटले नाही. काकांनी तर हळदीची वाटी आपणहून गाडीत ठेवली.