राजा रत्नध्वजाचा हुंकार

एका राज्यात गोष्ट ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याइतकाच मान असे. सांगणारा सांगे आणि ऐकणारा वाक्यावाक्याला ‘हूं’ म्हणे. त्याला हुंकार म्हणत. हुंकार थांबला की गोष्ट थांबे, आणि कुणाची गोष्ट मध्येच थांबवणं म्हणजे जेवत्या पाहुण्यापुढचं ताट ओढणं. असं पाप त्या राज्यात कुणी केलं नव्हतं. राजा रत्नध्वज तर हुंकार देण्यात सगळ्यांच्या वरचढ. रटाळातली रटाळ गोष्टही तो मान डोलावत शेवटापर्यंत ऐके.

राजाला सगळं होतं, मूल तेवढं नव्हतं. पुष्कळ वर्षांनी राणी कुमुदिनीला दिवस गेले. नववा महिना लागला. पाय सुजले, म्हणून राणी अंतःपुरात पडून राहू लागली.

अशा एका दुपारी चिरंजन नावाचा जादूगार कथेकऱ्याच्या वेशात दरबारात आला. इतका म्हातारा, की भुवयासुद्धा पिकलेल्या.

“महाराज, गोष्ट सांगतो. हुंकार द्याल?”

“न द्यायला काय झालं? बसा.”

गोष्ट सुरू झाली. पहिल्या हुंकाराला राजाची नजर थिजली. दुसऱ्या हुंकाराला सारा दरबार जागच्या जागी बसून राहिला. तिसऱ्या हुंकाराला आकाशात सूर्य थांबला.

मग नगरात दुपार सरेना. दुधाला विरजण लावलं तर दही लागेना. कैरी पिकेना, कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू निघेना. माणसं जेवत, झोपत, पुन्हा उठून तीच दुपार बघत. किती काळ लोटला हे सांगणार कोण?

भागाई सुईणीनं राणीच्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. “राणीसाहेब, पोर आत फिरतंय, पण यायचं नाव घेत नाही. वेळच पुढं सरत नाही तर ते येणार कसं? आणि तुमची ताकद तर रोज उतरत चालली आहे. असंच चाललं तर मला दोघांचीही आशा नाही.”

राणी तशीच उठली. भिंतीच्या आधारानं दरबारात गेली. सिंहासनावर राजा बसलेला, समोर चिरंजन सांगतो आहे.

“अहो,” राणीनं हाक मारली.

“हूं,” राजा म्हणाला.

“माझ्याकडे बघा.”

“हूं.”

भागाई मागोमाग आली होती. तिनं पदराचा बोळा करून राजाच्या तोंडात कोंबला. हुंकार नाकातून येऊ लागला.

“तोंड दाबून काय होतंय!” खिडकीत बसलेली साळुंकी म्हणाली. “राजाचं मन गोष्टीत गेलं आहे. ते कुणीतरी आत जाऊन आणायला हवं. मी डोकावून आले.”

“मग तू परत कशी आलीस?” राणीनं विचारलं.

“घरट्यातली अंडी आठवली. ऐक राणी, आत तीन मोह आहेत. पहिल्या ठिकाणी खायचं नाही. दुसऱ्या ठिकाणी थांबायचं नाही. तिसरं मला ठाऊक नाही, मी तिथवर गेलेच नाही.”

“अशा अवस्थेत जाणार?” भागाई ओरडली. “घाटात दमलेल्या बैलासारखा श्वास चालला आहे तुमचा!”

“म्हणूनच जाते,” राणी म्हणाली. ती चिरंजनाच्या समोर बसली आणि हळूच म्हणाली, “हूं.”

पायाखाली पांढरी वाट आली. सूज गेली, कंबर दुखायची थांबली. राणी चालू लागली.

पहिल्यांदा आमराई लागली. सगळे आंबे पिकलेले, एकही कैरी नाही, मोहोर नाही, खाली वाळलेलं पान नाही. वासानं राणीच्या तोंडाला पाणी सुटलं.

“खा, राणी,” माळी म्हणाला. “इथले आंबे कधी संपत नाहीत.”

“संपत नाहीत तर मला घाई नाही,” असं म्हणून राणी पुढे गेली. पण गोष्टीत आत आत जाताना पोट थोडं हलकं झालेलं तिला जाणवलं.

मग तळं लागलं. पाण्यात लग्नाच्या दिवशीची कुमुदिनी दिसत होती, शेवंतीची वेणी माळलेली, बारीक कमरेची. “ये, बस माझ्याजवळ,” ती म्हणाली.

“छान दिसतेस गं,” राणी म्हणाली. “पण तुझ्या पोटात कुणी नाही.” आणि ती थांबली नाही. पोट आणखी हलकं झालं. आता तिला भीती वाटू लागली.

शेवटी राजवाडा लागला, हुबेहूब तिचाच. दारातून एक मुलगा धावत आला. राजाचं नाक, तिचे डोळे.

“आई!”

इतकी वर्षं जी हाक ऐकायला कान आसुसले होते, ती हाक. राणीच्या तोंडून निघून गेलं, “ओ, बाळा!” आणि त्याच क्षणी पोटातली हालचाल थांबली.

राणी पोट धरून उंबऱ्यावर बसली. आतून राजा आला, गालांवर लाली, चेहऱ्यावर आनंद.

“पाहिलंस, कुमुदिनी? आपला उदयभान! घोड्यावर बसतो, तलवार फिरवतो, कधी आजारी पडत नाही, कधी हट्ट करत नाही.”

“घरी चला, महाराज.”

“हेच तर घर.”

मुलगा राणीला टेकून बसला. “आई, मी लहान असताना कसा होतो गं? बाबांना किती वेळा विचारलं. ते हसतात आणि घोडा आणवतात.”

राजा म्हणाला, “अरे, तू रांगायला लागलास तेव्हा...” त्यानं आठवून पाहिलं. रांगणं आठवेना. पहिलं पाऊल आठवेना. त्यानं मुलाचे गुडघे हातात धरून पाहिले. गुळगुळीत. कुठे पडल्याची, खरचटल्याची एक खूण नाही.

“हा कधी पडलाच नाही,” राजा हळूच म्हणाला.

राणीनं त्याचा हात आपल्या पोटावर ठेवला. “ज्या पोराला पडायचं, खरचटायचं आहे ते इथं आहे. तुमचा प्रत्येक हुंकार त्याची वेळ खातो. आता तर ते हलतही नाही हो.”

राजानं पोट चाचपून पाहिलं. त्यानं मुलाकडे पाहिलं. “मग ह्याचं काय? ह्यानं मला बाबा म्हटलं आहे.”

राणीनं मुलाला जवळ ओढलं. “तू खोटा नाहीस रे राजा. तू गोष्टीतला आहेस. तुझी गोष्ट पुरी झाली की मी ती सांगत जाईन. जेव्हा जेव्हा सांगेन, तेव्हा तेव्हा तू येशील.”

“आणि मी मोठा होईन?”

राणीला खोटं बोलवेना. “नाही, बाळा.”

मुलानं थोडा विचार केला. “मग बाबांना लवकर करायला सांग. शेवटी काय होतं ते मला कुणी ऐकवलंच नाही.”

राजानं त्याला उराशी धरलं, बराच वेळ धरलं. मग खाली ठेवलं.

दरबारात चिरंजनानं पुढचं वाक्य म्हटलं. राजानं श्वास आवरला. हुंकार आला नाही. त्या राज्यात असं पहिल्यांदाच घडलं. राजा आणि राणी दोघांचीही मनं दरबारात परत आली. राजानं तोंडातला बोळा काढला आणि हात जोडले.

“कथेकरीबुवा, अपराध झाला, क्षमा करा. पण आता शेवट सांगा.”

चिरंजन मागे सरकला. “शेवट सांगितला की माझी वेळही चालू होईल. मी मरेन, महाराज. त्या भयानं तर हे सगळं केलं.”

“मराल, पण काही आज नाही. किती दिवसांत जेवला नाहीत? जेवा, पाय पसरा. आणि जेव्हा मरण येईल, तेव्हा तुमच्या उशाशी मी बसेन.”

म्हाताऱ्यानं पंच्यानं डोळे पुसले. मग तो म्हणाला, “तर राजपुत्र उदयभान सगळ्यांचा निरोप घेऊन, हसत हसत, घोड्यावर बसून आपल्या गावी गेला. गोष्ट पुरी झाली.”

सूर्य पश्चिमेकडे सरकला. दरबारी आळोखेपिळोखे देत उठले. आणि राणीनं राजाचं मनगट इतक्या जोरानं धरलं, की तो कळवळला.

“हललं!” राणी म्हणाली. “आणि नुसतं हललं नाही हो, निघालंय!”

“व्हा बाजूला!” भागाई गरजली. “पाणी तापवा! महाराज, तुम्ही तर आधी बाहेर!”

दिवेलागणीला मुलगी झाली. राजा दबकत आत गेला. लालभडक, सुरकुतलेली, मुठी वळून टाहो फोडणारी ती पोर त्यानं ओंजळीत घेतली. कुणासारखी आहे ते काही केल्या ओळखता येईना.

“भागाई, अशी कशी गं दिसते ही?”

“आत्ता तर आली आहे, महाराज. दिसायला वेळ लागतो.”

“लागू दे,” राजा म्हणाला, आणि तिथंच जमिनीवर मांडी घालून तो तिच्याकडे बघत बसला.

त्यांच्या घरी जशी वेळ आपल्या पावलांनी आली, तशी ती तुमच्याआमच्या घरीही येवो.