शटरखालची गादी

एका बाजारगावात एकदा एक वृद्ध मिस्त्री राहत होता. दुकानांची, गोदामांची लोखंडी शटरे दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, कामात चपळ. पण गिऱ्हाइकाशी वाद नको म्हणून चटकन मान डोलावणारा.

त्याच गावात एका शेठजींचा मसाल्याचा लहानसा कारखाना होता. शेठजींचे नाव मी सांगत नाही. तुमच्या ओळखीत असा एक गृहस्थ असेलच, त्याचे नाव इथे खुशाल घाला. दर दसऱ्याला ते कारखान्याच्या शटरला कुंकू लावत, झेंडूचे तोरण बांधत, नारळ फोडत. दर दिवाळीला त्यावर नवा रंग चढवून कारखान्याचे नाव ठळक अक्षरांत काढून घेत. जुन्या रंगावर नवा, असे अकरा थर झाले होते. मात्र ज्यांच्या जोरावर शटर वर जाते, त्या वरच्या पेटीतल्या स्प्रिंगा अकरा वर्षांत कोणी उघडून पाहिल्या नव्हत्या. शेठजी याला निगा म्हणत. असल्या निगेचा मला संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

शटर जड झाले होते. वर ढकलले तरी ठरत नसे, आपल्याच भाराने खाली सरकू लागे. त्यावर शेठजींनी तोडगा काढला : खाली लोखंडी पाइपचा टेकू. हे काम कौसाबाईकडे होते. ती तिथली सर्वांत जुनी कामगार, अठरा वर्षे तिथेच राबणारी. रोज सकाळी तिने शटर वर ढकलायचे, खांद्यावर तोलून धरायचे आणि पायाने पाइप ओढून खाली लावायचा. मग दिवसभर मिरच्यांच्या नि धण्यांच्या पाट्या उन्हात नेण्यासाठी त्याच शटरखालून ये-जा करायची.

दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी पाइप निसटला. कौसाबाई पाऊलभर मागे होती, म्हणून शटर डोक्यावर न पडता पाटीवर पडले. पाटी चेपली आणि शटर तिरके अडकून बसले. शेठजींनी तातडीने मिस्त्रीला बोलावले. बाई थोडक्यात वाचली म्हणून नव्हे, मालाचा टेम्पो बाहेर खोळंबला म्हणून.

गुरुशिष्यांनी शटर सरळ केले, वर नेले, टेकू लावला. टेम्पो भरून गेला.

"वर गेलं ना मिस्त्री? मग झालं," शेठजी म्हणाले. "बाकीचं दिवाळीनंतर बघू."

शिष्याने पिशवी उचलली. तीन महिन्यांपूर्वी तो एकटा आला होता तेव्हाही शेठजींनी असेच 'झालं' म्हटले होते, आणि तो बाजूच्या खाचांना ग्रीस लावून निघून गेला होता.

वृद्ध मिस्त्री मात्र आत गेला. त्याने शेठजींची गादी उचलली, तक्क्या उचलला, पुढचे बुटके मेज उचलले आणि सारे आणून बरोबर शटरखाली मांडले.

"बसा शेठजी."

"इथं?"

"इथंच. उजेड चांगला आहे. दिवाळीपर्यंत धंदा इथं बसून करा."

शेठजी हसले. मग त्यांनी वर शटरकडे पाहिले, पाइपकडे पाहिले, आणि हसू मावळले. "अहो, पडलं म्हणजे? माझ्या घरी बायकापोरं आहेत."

"कौसाबाईच्या घरी कोण आहे?"

शेठजींना ते ठाऊक नव्हते. अठरा वर्षांत त्यांनी विचारलेच नव्हते. "तिला सांगितलंय, जपून जा म्हणून," ते म्हणाले.

"तिला सांगितलंत. शटरला सांगितलंत का?"

"फार बोलता मिस्त्री. मी दुसरा माणूस बोलावतो."

"जरूर बोलवा. तो येईपर्यंत मी या दारातून हलणार नाही आणि कुणाला खालून जाऊही देणार नाही." मग तो शिष्याकडे वळला. "आणि तू रे? तुझ्या बायकोला बसवशील या गादीवर?"

शिष्याने पिशवी खाली ठेवली.

म्हातारा संतापला होता. तरी आवाज त्याने चढवला नाही. "शेठजी, रंग रस्त्यावरून दिसतो, म्हणून तो दर वर्षी नवा होतो. स्प्रिंग दिसत नाही, म्हणून ती गंजते. दार सुरक्षित आहे की नाही हे ओळखायला माझी विद्या लागत नाही. मालक त्याखाली निर्धास्त बसतो का, एवढं पाहिलं की पुरे. जिथं आपण क्षणभर बसणार नाही, तिथून दुसऱ्याला दिवसभर चालायला लावणं हे पाप आहे. " मग तो शिष्याला म्हणाला, "आणि बाबा रे, गिऱ्हाइकानं झालं म्हटल्यानं काम होत नसतं. ते आपण पाहून म्हणायचं असतं."

शेठजींनी एकदा त्या गादीकडे पाहिले. मग त्यांनी कारखाना दोन दिवस बंद ठेवला.

वरची पेटी उघडली. पाच स्प्रिंगांपैकी तीन तुटलेल्या होत्या, चौथीला चीर गेली होती. सारा भार एकटी पाचवी सोसत होती. शिष्य शिडीवर थांबला. "तेव्हाच झाकण काढलं असतं, तर दिसलं असतं," तो म्हणाला.

"हो," मिस्त्री म्हणाला. त्याने शिष्याला त्याहून सौम्य उत्तर दिले नाही.

नव्या स्प्रिंगा बसल्यावर मिस्त्रीने कौसाबाईला बोलावले. तिने सवयीने पदर खोचला, खांदा लावला आणि सारे बळ एकवटून ढकलले. शटर सरसर वर गेले आणि तिथेच थांबले. बाईचा तोल गेला. सावरून ती आपल्या हातांकडे पाहू लागली.

"दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "मला वाटत हुतं, माझ्याच हातातला जोर सरला. कळलं तर कामावरनं काढतील म्हणून बोलले न्हाई. अंगदुखीच्या गोळ्या खाऊन यायची. अन् मोडलं हुतं ते ह्ये?"

तिने हे मिस्त्रीला नव्हे, शेठजींना विचारले.

तुमच्या हाताखालचे माणूस थकल्यासारखे दिसू लागले, तर त्याच्या वयाचा हिशेब करण्याआधी एकदा वरची पेटी उघडून पाहा.