डावखुऱ्या घावांची वाट

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा वानरांना माणसांशी बोलण्याचा कंटाळा आलेला नव्हता.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. प्रत्येक घराची रानात जायची आपली वेगळी वाट असे, आणि ज्या घराची वाट, त्या वाटेवरची झाडं त्या घराची. दुसऱ्याच्या वाटेवरची काटकीसुद्धा कोणी उचलत नसे. त्यामुळे सरपणावरून त्या गावात कधी भांडण झालं नाही. भांडायला गावाकडे दुसरे पुष्कळ विषय होते.

त्या गावात एक बाई राहायची. नवरा लवकर गेला, दोन मुलगे तिनं एकटीनं वाढवले. थोरला शेत बघायचा, धाकटा गुरं राखायचा. थोरल्याचं लग्न झालं, सून घरात आली, बाईचे केस पांढरे झाले, तरी चूल काही तिनं कोणाच्या हातात दिली नाही.

"माझ्या लेकरांनी गार भाकरी कधी बघितली नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ते खरंच होतं. थोरला दिवस उगवायच्या आत जेवून शेतावर जायचा, तेव्हा चूल पेटलेली. सून विहिरीवरून यायची, तेव्हा पेटलेली. धाकटा उन्हं कलल्यावर यायचा, त्याच्यासाठी पुन्हा तवा. संध्याकाळी एकाला आधी, दुसऱ्याला नंतर. मधेच कोणाला काही खावंसं वाटलं तर म्हणून तेलाची कढई चढवलेलीच. शिवाय न्हाणीतल्या चुलीवर पाण्याचा हंडा दिवसभर, कारण पाय धुवायलासुद्धा मुलांना ऊन पाणी लागायचं. लागायचं म्हणजे, तिनंच लावलेली सवय ती. बापाविना वाढलेली पोरं, त्यांना निदान ऊन-ऊन मिळावं, एवढंच तिला देता येत होतं. ते ती देत राहिली. पोरांना मिशा फुटल्या, थोरल्याला तळणानं पित्त व्हायला लागलं, तरी देतच राहिली.

तिच्या छपरातून निघणारा धूर गावात सगळ्यात जाड होता. तिला त्याचं भारी कौतुक. त्याच धुरानं तिला खोकला जडला होता आणि डोळ्यांना बारा महिने पाणी लागलं होतं, पण त्याचा दोष ती धुराला देत नसे.

अलीकडे मात्र ती फार थकली होती. थकवा झोपेतून उठतानाच अंगात असायचा. नवी नवरी होती तेव्हा चुलीवर दूध ठेवून ती रानात जायची आणि ते उतू जायच्या आत मोळी आणून टाकायची. असं ती सांगायची, आणि त्यात थोडंच खोटं होतं. आता सकाळी निघाली की परतायला दुपार व्हायची. अर्ध्या वाटेवर जांभळाचं एक जुनं झाड होतं. मोळी त्याच्या बुंध्याला टेकवायची, डोक्यावरची चुंबळ काढून मांडीवर ठेवायची आणि डोळे मिटून बसायचं. तेवढं बसल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नसे.

गावात एक वैदू यायचा. त्यानं तिचे गुडघे दाबून पाहिले, चोळायला तेल दिलं आणि म्हणाला, "वय झालं, माय. वाट तेवढीच असती. पाय म्हातारे होतात."

तिला ते पटलं. न पटायला काय झालं? ती रोज तेल चोळायची आणि रोज वाट आणखी लांब वाटायची.

एके दिवशी जांभळापाशी पोहोचायच्या आधीच तिचा पाय मुडपला आणि मोळीसकट ती वाटेवर पडली. धाकट्यानं गुरांमागून येताना तिला पाहिलं आणि पाठीवर घेऊन घरी आणलं. थोरल्यानं तिला अंथरुणावर टेकवलं.

"आये, आता रानात जायचं नाव काढायचं नाही," तो म्हणाला. "दहा दिवसांत खळ्याचं काम उरकतं. मग ते जांभूळच तोडतो. वर्षभराचं सरपण दारात येऊन पडंल. तू बसून ऱ्हा."

खरं सांगायचं तर बाईला बरंच वाटलं. जांभूळ गेलं तर गेलं. वर्षभर मोळी नाही, एवढंच तिच्या कानात राहिलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

दोन दिवसांनी पाय जरा सुधारला, तेव्हा वाटेवर पडलेली मोळी आणायला म्हणून ती हळूहळू निघाली. जांभळाखाली टेकली. वर फांदीवर एक म्हातारी वानरी बसली होती.

"आठ दिवसांनी हे जांभूळ पडलं, की मी कुठं बसायचं, तेवढं सांग," वानरी म्हणाली.

बाईला राग आला. "तुझं बरं आहे बाई. तुला ना चूल, ना मोळी. माझे पाय थकले. मला वाट झेपत नाही आता."

"पाय माझेही थकलेत. ही फांदी चढताना मला दोनदा थांबावं लागतं. पण तुझी वाट नुसती लांब वाटत नाही. ती लांब झालीय. तू नवरी होऊन आलीस, तेव्हा रान कुठं होतं?"

बाईला आठवेना.

"तुमच्या गोठ्यामागं," वानरी म्हणाली. "मी फांदीवरून थेट तुमच्या छपरावर उतरायची. तुझ्या भाकऱ्या पळवल्यात मी. चवीला बऱ्या असायच्या."

"मग ते रान नेलं कोणी?"

"मला कशाला विचारतेस? घरी जाताना खुंट बघत जा."

मोळीचं विसरून बाई उठली. चाळीस वर्षं ज्या वाटेवर तिनं मान खाली घालून ओझं वाहिलं होतं, त्या वाटेवर ती पहिल्यांदा मोकळ्या डोक्यानं दोन्हीकडे बघत चालली. गवतात खुंट होते. इकडे होते, तिकडे होते. काही कुजून मऊ झालेले, काही अजून टणक. ती वाकली आणि तिनं एका खुंटावरून हात फिरवला. घाव डावीकडून पडलेला होता. दुसऱ्यावरचाही डावीकडून. तिसऱ्यावरचाही. आणि त्या अख्ख्या गावात डाव्या हातानं कोयता चालवणारी ती एकटीच होती.

दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायला जागाच नव्हती. गोठ्यापासून जांभळापर्यंत आणि जांभळाच्याही पुढं, हे सगळं तिच्याच हातानं झालं होतं. एकेका ऊन भाकरीसाठी एकेक फांदी, आणि पाय धुवायच्या पाण्यासाठी झाडंच्या झाडं.

ती उलट फिरली आणि जांभळाखाली येऊन वर बघून म्हणाली, "झालं ते झालं. आता माझे किती दिवस राहिलेत? हे झाड वर्षभर जळेल. पुढं बघायला मी कशाला असते?"

"तू नसशील," वानरी म्हणाली. "चुंबळ असेल."

बाई घरी आली. अंगणात सून बसली होती. जुन्या लुगड्याची चिंधी पिळून पिळून ती स्वतःच्या डोक्याच्या मापाची चुंबळ करत होती.

"हे काय गं?"

"असू द्या, आत्याबाई. जांभूळ काय, वर्षाचंच. पुढं मला जावंच लागंल की."

बाई आत गेली आणि चुलीसमोर बसली. या पोरीला आपण काय देऊन जाणार आहोत, ते तिला आज कळलं होतं. जांभळाचं झाड राहिलं नाही, तर या वाटेवर हिला टेकायलासुद्धा जागा नसेल.

मग तिनं न्हाणीतली चूल विझवली.

पाण्याचा हंडा तिनं अंगणातल्या काळ्या दगडावर उन्हात ठेवला. दुसऱ्या दिवसाचे हरभरे आदल्या संध्याकाळीच भिजत घातले. तिच्या चुलीला शेजारी वैल होता, चुलीचाच उरलेला जाळ त्यात जायचा, पण इतकी वर्षं त्यावर मांजर बसायचं. मांजराला उठवून तिनं तिथं आमटी ठेवली. भाताला एक कढ आला की पातेलं उतरवून पेंढ्याच्या टोपलीत ठेवायची, वर जुनी गोधडी. आत तो आपला आपण शिजायचा. कढई तिनं सणासाठी म्हणून वर टांगली. आणि सगळ्यांना सांगितलं, "आजपासून दोनदाच चूल पेटंल. सगळ्यांनी एका वेळी बसायचं."

सांगणं सोपं होतं. पहिल्या संध्याकाळी धाकटा गुरं बांधून उशिरा आला, त्यानं घास मोडला आणि तो थांबला.

"आये, भाकरी गार हाय."

बाईचा हात आपोआप चुलीकडे गेला. चाळीस वर्षांची सवय, एका दिवसात थोडीच जाते? तिनं काटकी उचललीही. मग तिला खुंट आठवले आणि तिनं काटकी खाली ठेवली.

"कोमट आहे," ती म्हणाली. "उद्या वेळेवर ये."

थोरल्यानं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "आये, बरं न्हाई का तुला?"

त्या आठ दिवसांत तिला जेवढा शीण झाला, तेवढा मोळ्या वाहूनही झाला नव्हता. पोरं रुसली. चौथ्या दिवशी आभाळ आलं, पाणी तापलं नाही, धाकटा कुडकुडला, आणि तिनं गुपचूप न्हाणीत जाळ घातला. सुनेनं पाहिलं. तिनंच पुढं होऊन अर्धी लाकडं बाहेर ओढली. पाचव्या दिवशी शेजारीण वाडगाभर पीठ घेऊन दारात आली. "धूर दिसंना तुमचा," ती डोळे पुसत म्हणाली, "म्हटलं, सुनेनं उपाशी मारली का काय म्हातारीला!" पीठ परत देताना बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या धुराकडे बघूनच गाव आपल्याला ओळखत होतं, हे तिला तेव्हा समजलं.

आठव्या दिवशी सकाळी थोरल्यानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली. बाई काठी टेकत त्याच्यासोबत निघाली.

"तू कशाला, आये?"

"चल तू."

गोठ्यामागं पहिला खुंट आला, तेव्हा ती थांबली. "हात लाव याला."

त्यानं हात लावला. ती पुढं निघाली. दुसऱ्यापाशी थांबली, तिसऱ्यापाशी थांबली. लहानपणी आईनं डाव्या हातानं भरवलेला घास ज्यानं खाल्लेला असतो, त्याला तिच्या हाताचा घाव ओळखायला वेळ लागत नाही. जांभळापर्यंत पोहोचेतो त्याची चाल मंदावली होती. त्यानं मागं वळून सगळी उघडी वाट पाहिली.

"आये," तो हळूच म्हणाला, "एवढी भाकरी खाल्ली आम्ही?"

"तुम्ही कुठं मागितली होती? मीच वाढली," ती म्हणाली. "मी थकलेय, ते खरंच आहे. पण तू हे झाड तोडलंस तर माझा थकवा तुझ्या बायकोच्या डोक्यावर जाईल, एवढंच. घरी आठ दिवसांपूर्वीचं सरपण अजून अर्धं शिल्लक आहे. जाऊन बघ."

त्यानं जाऊन पाहिलं. मग कुऱ्हाड आढ्याला खोचून ठेवली आणि म्हणाला, "बघू वर्षभर." तेवढंच म्हणाला. पण त्या संध्याकाळी धाकट्याला हाक मारून त्यानंच वेळेवर पानावर बसवलं.

वर्ष गेलं, आणखी वर्षं गेली. आता वाटेवर कोणी कोयता चालवत नव्हतं, पडलेल्या काटक्या, धाटं आणि शेण्या यांवर चूल भागत होती. थोरल्याचं पित्त बसलं. बाईचा खोकला निघून गेला आणि डोळ्यांचं पाणी आटलं. मांजर तेवढं वैलावरून उठवल्याचा राग विसरलं नाही. गवतातल्या टणक खुंटांना आधी बोटाएवढे फुटवे आले, मग मनगटाएवढे, मग त्यांची सावली पडायला लागली.

बाई फार म्हातारी झाली. थकवा काही गेला नाही, तो कुठं जातो? पण रोज काठी टेकत ती जांभळाखाली जाऊन बसायची. ती वानरी केव्हाच गेली होती. वर दुसऱ्या वानरी होत्या, त्या बोलत नसत.

एका सकाळी सून चुलीवर दूध ठेवून काटक्या आणायला गेली आणि दूध उतू जायच्या आत परत आली. ती धापा टाकत नव्हती. चुंबळ हातात घेऊन ती हसत म्हणाली, "आत्याबाई, आपली वाट आखूड झाली का हो?"

म्हातारीनं दाराबाहेर पाहिलं. गोठ्याच्या छपरावर एक वानर थेट फांदीवरून उतरत होतं.

"वाट तेवढीच आहे, पोरी," ती म्हणाली. "रान घराकडं आलंय. त्या वानराला एक भाकरी टाक. गार चालते त्याला."

म्हणून लहानांनी आणि थोरांनीही ध्यानात ठेवावं: आपण दमलो की वयाला बोल लावण्याआधी आपल्या घरच्या सवयींकडे बघावं, कारण आपण जे जाळून जातो, त्याचं ओझं आपल्या मुलांना वाहावं लागतं.