कान असलेली चिमणी

चिमणखोरीत पाहुणा आला की त्याला आधी ओढ्यावरचं देऊळ दाखवत नाहीत, चावडीतला पाळणा दाखवतात. पाळणा सागवानी, तेलपाण्याने काळा पडलेला. गावात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं बारसं याच पाळण्यात होतं, मग ते पाटलाचं असो की पाथरवटाचं. वर चिमणाळं टांगलेलं असतं, म्हणजे कापडाच्या चिमण्यांचा मोठा झुबका. इथल्या चिमण्यांना बाजारचं कापड चालत नाही. कुणाच्या आजीच्या लुगड्याचा काठ, कुणाच्या आज्याच्या मुंडाशाची चिंधी, कुणाच्या मावशीच्या चोळीची बाही, अशा त्या शिवलेल्या. नवं मूल आलं की झुबक्यात आणखी एक चिमणी येते.

सगळ्या चिमण्या वर दाटीवाटीने लोंबतात, एकच तेवढी हातभर खाली. तिला चोच आहे, डोळे आहेत, आणि डोक्याच्या बाजूला कापडाचा एक कान शिवलेला आहे. चिमणीला कान कुठून आला, असं पाहुणे हसत विचारतात. पाळणा सांभाळण्याचा मान शेवंताक्कांच्या घराण्याकडे आहे. त्या पाळण्याशेजारी मांडी घालून बसतात आणि म्हणतात, "हसून घ्या आधी. मग सांगते."

असं सांगतात, की फार मागे इथल्या पाटलाघरी सारजा नावाची सून होती. हाताने सढळ, मनाने वाईट नाही, पण नाक जरा वर. तिला जुनं म्हणून काही सोसायचं नाही. पहिलं मूल झालं तेव्हा पाळणा नवा घडवून घेतला, रेशमी चिमणाळं पेठेतून आणवलं, आणि सासूने जपून ठेवलेली दुपटी तिने घोडा पुसायला देऊन टाकली. बारशाला आसपासची गावं जेवली. मूल थोड्याच दिवसांत गेलं. दुसऱ्या वेळीही सगळं नवं, सगळा तसाच थाट, आणि तेही मूल हाताला लागलं नाही.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तोवर सारजाचं नाक खाली आलं होतं. ती रिकाम्या पाळण्याकडे पाठ करून बसायची. त्या साली चिमण्याही गाव सोडून गेल्या होत्या म्हणे. पाऊस दडी मारून बसलेला, खळ्यात दाणा नाही, वळचणी ओस पडलेल्या. ज्या गावात चिमणी घरटं करत नाही तिथे पाळणा हलत नाही, असं म्हातारी माणसं बोलू लागली. सारजा ते ऐकायची आणि पोटावर हात ठेवायची.

अखेर गिरजा सुईण तिला म्हणाली, "बाई, नवं कापड कुणालाच वळखत न्हाई. लेकराला तर कुणीतरी वळखाया पायजे. घरोघरची चिंधी मागून आण आन् तुझ्या हातानं चिमण्या शिव. पर गडी धाडू नगंस. पदर तुझा पसरला पायजे."

पाटलीण पदर पसरणार, हे गावाला खरं वाटेना. पण अवघडल्या पावलांनी सारजा निघाली. एकाही घराने तिला विन्मुख पाठवलं नाही. चिंधी देताना जो तो ती कुणाची हे सांगायचा. "ही आमच्या मामंजींच्या धोतराची. लई गोड गळा व्हता त्यांचा." "ही माझ्या थोरल्या बहिणीची." आपल्याच गावात एवढी माणसं जगून गेली हे सारजाला पहिल्यांदाच कळत होतं. पदर जड होत गेला.

शेवटचं घर ओढ्यापलीकडे, तुळसाचं. शेणी थापून पोट भरणारी एकटी बाई. तिने सारजाचा पसरलेला पदर पाहिला, आत गेली आणि धुऊन धुऊन विरलेलं एक इवलं झबलं घेऊन आली.

"ह्ये माझ्या लेकराचं," ती म्हणाली. "तुमच्या थोरल्याच्या बारशादिशी गेलं. तुमच्या दारात वाजंत्री व्हती, माझं रडू कुणाच्या कानावर गेलं न्हाई. नाव ठेवायच्या आधीच गेलं बगा. नाव म्या मनातच ठेवलंया."



"झबलं देते," तुळसा म्हणाली. "पर माझ्या लेकराचं बारसं ऱ्हायलंय. तुमच्या लेकराच्या आधी त्याच्या कानात कुर्र झाली पायजे."

सारजाने झबलं कपाळाला लावलं आणि शब्द दिला. त्याची चिमणी तिने सगळ्यांत शेवटी शिवली, आणि कुर्र करायची तर कान हवा म्हणून कानही शिवला. चिमणीला कान लावणारी शिवणकरीण जगात पहिलीच, म्हणून नणंदा हसल्या.

सारजाला मुलगी झाली. पण पोर रडेना, डोळे उघडेना. बारशाच्या दिवशी तर तिने पिणंही सोडलं. पाळण्याभोवती बाया जमल्या आणि आत्या कुर्र करायला पुढे झाली, तेव्हा सारजाने तिला थांबवलं आणि दिलेला शब्द सांगितला.

सासू कडाडली, "मेलेल्याचं नाव जित्याच्या पाळण्यात? आधी आपल्या पोरीचं नाव ठेव. मग त्या चिंधीचं काय करायचं ते कर."

बायांनी माना डोलावल्या. खरं तर सारजालाही तेच वाटत होतं. मांडीवर पोर गार पडत चालली होती, आणि शब्द मोडायला तिला काही करायचंही नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. तुळसा उंबऱ्याबाहेर उभी होती. तिला कुणी आत ये म्हटलं नव्हतं, आणि तीही काही मागत नव्हती.

"सासूबाई," सारजा म्हणाली, "तिच्याकडं पाठ करून मी दोन पाळणे हलवले. दोन्ही रिकामे झाले. आता तिला आत येऊ द्या."

तिने पोरीच्या जागी ती चिमणी पाळण्यात निजवली. तुळसा आली, वाकली, आणि शिवलेल्या कानाशी ओठ नेऊन तिने नाव सांगितलं. ते कुणालाच ऐकू आलं नाही. मग तिने लांब कुर्रर्र केली.

घर चिडीचूप झालं. आणि असं सांगतात, की त्या शांततेत वरून उत्तर आलं. आढ्यावर एक खरीखुरी चिमणी बसली होती आणि चिवचिवत होती. ती कुठून आली, कधी आली, कुणी पाहिलं नाही. बायांनी हात जोडले. सासूनेही जोडले. सारजाच्या मांडीवरच्या पोरीने आवाजाच्या दिशेने मान वळवली, डोळे उघडले, आणि असा टाहो फोडला की तो ओढ्यापलीकडे गेला. तिच्यासोबत तुळसाही रडली. या वेळी तिचं रडू सगळ्या गावाने ऐकलं.

त्या मुलीचं नाव चिमा ठेवलं. तिचा पाळणा पुढे चावडीत आला आणि साऱ्या गावाचा झाला. शेवंताक्का तिच्याच वंशातल्या.

आजही चिमणखोरीत बारशाला पहिली कुर्र बाळाच्या कानात होत नाही, त्या चिमणीच्या कानात होते. ज्या बाईचं मूल राहिलं नाही ती पुढे होते, नाव सांगते आणि मागे येते. कुणाला टाचा उंचवाव्या लागू नयेत म्हणून ती चिमणी खाली टांगलेली. ओठ लागून लागून कान झिजतो, मग नवा शिवतात. आजवर त्याने कोणती नावं ऐकली, हे गावात कुणी विचारत नाही.

गोष्ट संपते तेव्हा पाहुणे हसत नसतात. ते ओढ्याकडे निघतात, आणि बहुतेक वेळा त्यांच्यातली एखादी बाई मागे रेंगाळते. शेवंताक्का तिला काही विचारत नाहीत. चावडीचं दार ओढून घेतात आणि आतून कुर्र ऐकू येईपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहतात.