सोळा-सतराचा पाना

"पाना कधी देणार, उस्ताद?"

हेमराजने त्या आठवड्यात हे दुसऱ्यांदा विचारलं. गफूर उस्ताद बशीतल्या चहावर फुंकर मारत राहिले.

टेंभुर्णीच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून उस्तादांचं गॅरेज. त्या रस्त्यावरची रीत अशी, की चेला शिकून तयार झाला की उस्ताद त्याला आपला स्वतःचा, दांड्यावर खूण कोरलेला सोळा-सतराचा पाना देतात. तो हाती आला की चेला मिस्त्री झाला. हेमराजला इथं सात वर्षं झाली होती. मोडनिंबला त्याने जागा बघून ठेवली होती, पाटीही रंगवून घेतली होती. पण पान्याशिवाय पाटी लावली तर त्या रस्त्यावर कोणी त्याच्याकडे गाडी वळवली नसती. म्हणून ती कापडात गुंडाळून पडली होती.

"माझ्यात काय कमी आहे ते तरी सांगा."

उस्ताद बोलणार, तेवढ्यात रस्त्यावरून गडगडाट आला.

देवबा कुंभारांची पिकअप. वीस वर्षांची. हौद्यात पेंढा घालून बसवलेले रांजण. सायलेन्सर तुटलेला, त्यामुळे गाडी दिसायच्या आधी ऐकू येत होती.

"महिन्यात तिसऱ्यांदा तुटला बघा," देवबा उतरत म्हणाले. "आन् दर खेपेला दोन रांजण फुटतायत, ते येगळंच."

"रांजणांचं रस्त्याला विचारा," हेमराज म्हणाला. "सायलेन्सर मी बघतो. माल उतरवा."

देवबांनी रांजण उतरवले. हेमराजने चासीला जॅक लावला, मागची चाकं अधांतरी केली आणि गाडीखाली सरकला.

हा जॅक त्याने चार वर्षांपूर्वी हट्टाने आणायला लावला होता. तेव्हापासून तो गॅरेजमधल्या खड्ड्यात एकदाही उतरला नव्हता. खड्ड्यात उभं राहून गाडीचं पोट बघणं हे नवशिक्यांचं काम, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. उस्ताद मात्र गुडघे धरत रोज सकाळी खड्ड्यात उतरायचे आणि झाडून वर यायचे.

हेमराज गाडीखालून बाहेर आला तो खुशीत.

"मी मागे मारलेला जोड शाबूत आहे, उस्ताद. तुटलाय तो शेजारचा पाइप."

"म्हणजे तुझं काही चुकलं नाही."

"नाही."

"तिन्ही वेळा."

"...नाही."

वेल्डिंग खरोखरच देखणं होतं. ते कबूल करायलाच हवं.

"पाइप कशाला लागतोय का?" उस्तादांनी विचारलं.

"कशालाच नाही. खाली ॲक्सल आहे, पण मधे वीतभर जागा आहे. हात घालून बघितलंय मी."

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

"जॅक काढ. गाडी खड्ड्यावर घे. देवबा, रांजण परत चढवा."

"आत्ता तर उतरवले की ओ!" देवबा वैतागले. पण चढवायला लागले.

"भरल्या गाडीखाली वेल्डिंग कसं करू, उस्ताद?"

"वेल्डिंगचं कोण बोललं?... उतर."

हेमराज खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. गिऱ्हाईक बघत होतं. त्याचे कान लाल झाले. त्याला हा सरळ सरळ अपमान वाटला, आणि तसं त्याच्या तोंडावर दिसतही होतं.

मग तो उतरला.

"किती जागा आहे?" उस्तादांनी वरून विचारलं.

"दोन बोटं."

उस्ताद चाकावर पाय देऊन हौद्यात चढले आणि रांजणांमधे मांडी घालून बसले.

"आता?"

"...एक."

"देवबा, तुम्हीही या."

देवबा चढले. उस्तादांनी दोन्ही हातांनी हौद्याची कड धरली आणि गाडी खडबडीत रस्त्यावर चालली असावी तसं अंग वरखाली केलं. रांजण एकमेकांवर वाजले.

खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. परत एकदा आला.

उस्ताद थांबले.

"हेमराज?"



"स्प्रिंगचे पाटे बसलेत, उस्ताद," तो खालून म्हणाला. आवाज मघाचा नव्हता. "पार सपाट झालेत. गाडी भरली की ॲक्सल पाइपवर आपटतो. मी दर वेळी रिकामी गाडी टांगून बघत होतो."

"आणि रांजण?"

"ते पण त्यानंच फुटतात."

"मग दुखणी किती?"

"एकच."

"आधी काय खोलशील?"

"पाटे. त्यांना कमान आल्याशिवाय पाइपची जागा ठरायची नाही. पाइप मागाहून, गाडी चाकांवर उभी असताना."

देवबांनी एका रांजणाचा काठ चाचपून बघितला. तो धड होता.

खड्ड्यातून काळाकुट्ट हात वर आला.

"एक सोळा-सतराचा द्या, उस्ताद. कुठलाही चालेल."

"तिथंच बघ. डाव्या हाताला, कोनाड्यात."

हात खाली गेला. चिंधी सोडल्याचा आवाज आला. मग तोही थांबला...

"उस्ताद."

"हं."

"ह्याच्या दांड्यावर तुमची खूण आहे."

"असेल."

"...गंजलाय."

"चार वर्षं झाली ठेवून," उस्ताद रांजणांमधून म्हणाले. "शेजारी रॉकेलची बाटलीही आहे."